संगीत शिकताना : काही शब्दांची ओळख

पेटीवर बोटे फिरू लागतात, ढोलकीवर हात बसू लागतो, आणि मग कोणीतरी विद्यार्थ्याच्या हाती शास्त्राचे पुस्तक देते. पहिल्याच पानावर नाद, श्रुती, स्वर, सप्तक, वर्ण, थाट असे शब्द ओळीने उभे असतात आणि प्रत्येकाची व्याख्या पाठ करावयाची असते. आमच्या पाहण्यात संगीताचा वर्ग सोडणारी बरीच मुले याच पानापाशी सोडतात. गळा नाही, वेळ नाही ही कारणे नंतर सांगितली जातात.

वास्तविक या मुलांच्या कानाला त्या शब्दांमागची वस्तू आधीच ओळखीची असते. आपल्या वस्तीतल्या गायनपार्टीत रात्रभर ढोलकी धरणारा मुलगा समेला कधी चुकत नाही. मात्र तोंडी परीक्षेत "सम म्हणजे काय?" असे विचारले की तोच गप्प बसतो आणि घरी येऊन सांगतो, "शास्त्र आपल्यासाठी नाही." हा ग्रह आपल्याकडे फार जुना आहे, त्याची कारणे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तेव्हा कानाला जे ठाऊक आहे त्याला पुस्तकात काय म्हणतात, एवढेच सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही संगीतातले अधिकारी नव्हे. नोकरी बँकेतली, पदवी कला शाखेची. पण परिभाषेशी आमचा रोजचा संबंध येतो. नावे-जमा हे शब्द नवीन खातेदाराला जितके परके वाटतात तितकेच थाट आणि वादी हे शब्द नवीन विद्यार्थ्याला वाटतात, आणि दोन्हींकडे उपाय एकच आहे : आधी व्यवहार पाहावा, मग शब्द.

प्रथम नाद. ताट खाली पडले तर आवाज होतो आणि तानपुऱ्याची तार छेडली तरी आवाज होतो. पण तारेचे हलणे नियमित असते, म्हणून तो आवाज कानाला धरून ठेवता येतो. अशा नियमित आंदोलनांच्या आवाजाला नाद म्हणतात. त्याचे तीन गुण पुस्तकात दिलेले असतात. एक, उंची : तार दर सेकंदाला जितकी अधिक वेळा हलेल तितका नाद उंच. दुसरा, लहानमोठेपणा, म्हणजे आवाज हळू की जोरात. तिसरा, ज्यामुळे डोळे मिटूनही ही बासरी, ही पेटी, हा अमक्याचा गळा, असे आपण ओळखतो तो. मुले पहिल्या दोहोंत गोंधळ करतात. 'वर गा' म्हटले की ओरडतात. वर गाणे म्हणजे उंच नाद; तो हळू आवाजातही गाता येतो. शिकवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करून दाखवावे.

आता स्वर. षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद ही सात पूर्ण नावे आणि सा रे ग म प ध नि ही त्यांची रोजची हाक. यात सर्वांत अधिक गैरसमज 'सा'विषयी आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

पेटी प्रथम हाती आली की विद्यार्थी पहिल्या पांढऱ्या पट्टीला 'सा' म्हणतो आणि पुढच्या पांढऱ्या पट्ट्या दाबत नि पर्यंत जातो. सरगम बरोबर वाजते, म्हणून त्याला वाटते की 'सा'ची जागा तीच. तसे नाही. 'सा' पेटीत नसतो, गाणाऱ्याच्या गळ्यात असतो. ज्या उंचीवर आपल्याला खाली आणि वर दोन्हीकडे सुखाने जाता येते तो आपला 'सा'. आणि पेटीवर ती उंची ज्या पट्टीवर मिळेल ती आपली पट्टी. पट्टी या शब्दाचे असे दोन अर्थ आपल्या बोलण्यात आहेत : बोटाखालची लाकडी पट्टी आणि गाणाऱ्याने धरलेली उंची. "बुवा, पट्टी कोणती?" याला "काळी एक" असे उत्तर मिळाले म्हणजे पहिली काळी पट्टी हा त्यांचा 'सा'. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. स्त्रीने आणि पुरुषाने एकाच पट्टीत गावे असा हट्ट धरला की कार्यक्रमात कोणाचा तरी गळा बसतो.

काळी एकचा 'सा' धरून शुद्ध स्वर कोठे येतात ते मोजून पाहा. रे काळी दोनवर, ग पांढरी चारवर, म काळी तीनवर, प काळी चारवर, ध काळी पाचवर आणि नि पुढच्या पांढरी एकवर. पट्ट्यांचा रंग बदलला तरी स्वरांमधली अंतरे तीच राहिली. स्वराचे नाव अंतरावरून पडते, जागेवरून पडत नाही. गल्लीतल्या मुलांना रांगेत उभे केले तर तिसरा कोण हे पहिला कोण यावर ठरते, तसेच हे आहे.

एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात, म्हणजे स्वर बारा. सात शुद्ध, शिवाय रे, ग, ध, नि यांची एकेक उतरलेली जागा, तिला कोमल म्हणतात, आणि म ची एक चढलेली जागा, तिला तीव्र म्हणतात. सा आणि प यांना दुसरी जागा नाही म्हणून ते अचल. भातखंडे पद्धतीच्या लेखनात कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ देतात. टिंब खाली असेल तर स्वर मंद्र सप्तकातला, टिंब वर असेल तर तार सप्तकातला. सप्तके व्यवहारात तीनच : मंद्र, मध्य, तार. ही नावे फार जुनी आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजाच्या, सिंघणाच्या, आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात मंद्राची जागा हृदय, मध्याची कंठ आणि तारेची मस्तक अशी सांगितली आहे. गाताना छातीवर आणि कपाळावर हात ठेवून पाहिले तर तो काय म्हणत होता ते कळते. देवगिरी म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळचा दौलताबादचा किल्ला. सहलीला जाणाऱ्या मुलांना तोफा आणि खंदक दाखवतात, तेव्हा हेही सांगायला हरकत नाही.

मध्य 'सा'ची आंदोलने सेकंदाला २४० धरली तर तार 'सा'ची ४८० होतात, बरोबर दुप्पट. म्हणून दोन्ही 'सा' वेगळ्या उंचीचे असूनही कानाला एकच वाटतात. पंचम दीडपट, म्हणजे ३६०. मध्यम ३२०. गांधार सव्वापट, म्हणजे ३००. पुस्तकांत हा २४० चा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेला असतो. आपल्या गळ्याचा 'सा' तेवढाच असला पाहिजे असे मुळीच नाही.

येथे पेटीची एक गंमत सांगणे भाग आहे. कोणत्याही पट्टीपासून गाता यावे म्हणून पेटीत बाराही अंतरे सारखी करून ठेवलेली असतात. त्यामुळे २४० च्या 'सा'ला पेटीचा पंचम ३५९.६ च्या जवळपास येतो, तो फरक कानाला जाणवत नाही. पण गांधार ३०२.४ च्या आसपास येतो, म्हणजे दोन आंदोलनांहून अधिक चढा. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली असेल तर तिच्यातून एक बारीक गांधार आपोआप ऐकू येतो. तो ३०० चा असतो. पेटीवरच गळा घडवलेला मुलगा तानपुऱ्यावर गायला बसला की त्याचा गांधार टोचतो तो यामुळे. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, ज्याला मींड म्हणतात, ते पेटीला जमत नाही. अशा कारणांनी १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती; ती १९७१ साली शिथिल झाली. आमचे मत विचाराल तर पेटीला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या घरात तानपुरा कधी येणार नव्हता त्या घरात पेटी आली आणि तिने माणसे गाती केली. तरीही आठवड्यातून एकदा तानपुऱ्याशेजारी बसून गांधार लावून पाहावा. हल्ली मोबाईलवरही तानपुरा मिळतो.

श्रुती हा शब्द याच ठिकाणी येतो. सप्तकात कानाला वेगळ्या ओळखता येतील अशा बावीस बारीक जागा जुन्या ग्रंथकारांनी मानल्या आणि त्या सात स्वरांत चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा वाटल्या. बेरीज करून पाहा, बावीस येते. प्रारंभिक विद्यार्थ्याला एवढे पुरे. श्रुतींवरून विद्वानांत जे वाद आहेत त्यांत आपण पडू नये.

थाट आणि राग यांतला फरक परीक्षेत हमखास विचारतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे मुंबईचे, पेशाने वकील. देशभर हिंडून त्यांनी घराण्यांत बंदिस्त असलेल्या चिजा मिळवल्या, त्या लिहून छापल्या आणि एवढ्या सगळ्या रागांची वर्गवारी दहा थाटांत लावली : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. जे उस्ताद आपल्या शिष्यालाही सहजी देत नसत ते यामुळे चार आण्या-आठ आण्यांच्या विद्यार्थ्यालाही वाचता येऊ लागले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून शिकवणीचे दार उघडले, त्याच काळातली ही गोष्ट. या दोघांनी वहीवर लिहिलेले संगीत रूढ केले नसते तर आपण आज ज्या परीक्षांना बसतो त्या नसत्या.

थाट म्हणजे सा पासून नि पर्यंत सात स्वरांची क्रमाने केलेली मांडणी. तो गायचा नसतो. ती नुसती फडताळातली खण-पाटी आहे. राग गायचा असतो. त्याला चढण्याची वाट असते, तो आरोह. उतरण्याची वाट असते, तो अवरोह. आणि त्यात निदान पाच स्वर तरी लागतात. पाच स्वरांचा राग औडव, सहांचा षाडव, सातांचा संपूर्ण. या प्रकारांना पुस्तकात रागाच्या 'जाती' म्हटले आहे. शब्द वाचून दचकू नये. येथे जाती म्हणजे केवळ स्वरांची मोजणी आहे, आणि चढताना एक व उतरताना दुसरी असायलाही कोणाची आडकाठी नाही. आरोहाच्या तीन आणि अवरोहाच्या तीन मिळून अशा नऊ जोड्या होतात.

वादी आणि संवादी हे शब्द व्याख्येने कधीच कळत नाहीत, उदाहरणाने कळतात. सा रे ग प ध एवढेच पाच स्वर घ्या. यांतून भूप होतो आणि याच पाचांतून देशकारही होतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, थाट कल्याण, वादी ग, संवादी ध. देशकार सकाळी गातात, थाट बिलावल, वादी ध, संवादी ग. स्वर एकही वेगळा नाही. फरक इतकाच की भूपात गाणारा पुनःपुन्हा गांधारावर येऊन विसावतो, तर देशकारात त्याचे सारे चित्त वरच्या बाजूला, धैवतापाशी असते. आमच्या भाषेत सांगायचे तर दोन संयुक्त खाती आहेत, दोन्हींवर नावे तीच, पण एका खात्यावर सही गांधाराची चालते आणि दुसऱ्यावर धैवताची. घरी पेटीवर हे पाच स्वर वाजवून पाहावेत. आधी ग वर रेंगाळावे, मग ध वर. दोन वेगळी माणसे खोलीत आल्यासारखे वाटेल.

आलाप, तान, पलटे यांविषयी येथे विस्तार करीत नाही, ते शिकताना आपोआप कळतात. स्थायी आणि अंतरा म्हणजे आपण गाण्याचे धृपद आणि कडवे म्हणतो त्यांचे बंदिशीतले भाऊबंद.

आता ढोलकीवाल्यांच्या प्रांतात येऊ. लय, मात्रा, ताल, ठेका हे चार शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. "लय सुटली" म्हणावयाचे तेथे "ताल सुटला" म्हणतात. बँकेत हाताने नोटा मोजणारा जुना कॅशियर ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन समजेल. त्याच्या बोटांखालून नोटा सारख्या अंतराने सरकत असत. ते सारखे अंतर म्हणजे लय. एकेक नोट म्हणजे एकेक मात्रा. शंभर नोटा झाल्या की पुडके बांधून पुन्हा एकपासून सुरुवात. ते एक आवर्तन. मात्र त्या मोजणीत कोठे जोर नाही, कोठे विसावा नाही, म्हणून तिला ताल म्हणता येत नाही. मात्रांचे गट पाडले, कोठे टाळी, कोठे रिकामा हात हे ठरवले की ताल होतो. आणि तो ताल तबल्यावर किंवा ढोलकीवर ज्या ठरलेल्या बोलांनी वाजतो तो ठेका.

मात्रा म्हणजे एक सेकंद असे काही मुले लिहितात. तसे धरून चालू नये. विलंबित लयीत एक मात्रा कितीतरी लांबते, द्रुत लयीत सेकंदात दोन-तीन मात्रा जातात. मराठीच्या पुस्तकात वृत्तांच्या धड्यात लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा शिकलो, तेथेही मात्रा घड्याळाने मोजलेली नव्हती. दोन अक्षरांमधले प्रमाण तेवढे मोजले होते. दुगुण आणि द्रुत यांतही असाच घोटाळा होतो. द्रुत म्हणजे मूळ चालच जलद. दुगुण म्हणजे मूळ चाल होती तेवढीच ठेवून एका मात्रेत दोन बोल बसवणे. हाताची टाळी जलद झाली तर ती दुगुण नव्हे. हात जागेवर, तोंड दुप्पट, अशी सवय करावी.

तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार विभागांत आहेत :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात बाजूला उघडा ठेवणे. पहिली मात्रा ती सम. गवई वाटेल तेथे फिरून आला तरी समेवर येऊन मिळतो आणि ऐकणाऱ्यांच्या माना हलतात. पण सम येते आहे हे कळते कसे? येथेच खालीचा उपयोग आहे. 'धा' हा बोल तबला आणि डग्गा दोन्ही मिळून होतो. 'ता'मध्ये डग्गा नसतो. नीट ऐकले तर दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा गप्प असतो आणि चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला पुन्हा घुमतो. तो घुमला की सम तीन मात्रांवर आली असे समजावे. मैफलीत बसून बोटे मोजणाऱ्यापेक्षा डग्ग्याकडे कान ठेवणारा श्रोता समेवर अचूक दाद देतो. आपल्या ढोलकीवाल्यांना हे सांगावे लागत नाही. डाव्या हाताचा घुमारा कोठे थांबवायचा आणि कोठून उचलायचा हे त्यांचा हात जाणतो. त्यांनी फक्त एवढे लक्षात ठेवावे की त्या थांबण्याला पुस्तकात खाली म्हणतात आणि ज्या ठिकाणी सगळे एकत्र पडतात तिला सम.

गायनपार्टीत सर्वांत अधिक चालतो तो केरवा. मात्रा आठ : धा गे ना ती । न क धी ना. पाचव्या मात्रेला खाली. दादऱ्याच्या सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग, चौथीला खाली; झोका द्यावा तसा हा ताल डुलतो. झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा पडतात : धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना. पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला टाळी, सहावीला खाली. या विषम पावलांमुळे नवशिका त्यात अडखळतो. त्याने आधी नुसते चालून पाहावे : दोन पावले, थांबा, तीन पावले, थांबा. घराच्या ओटीवर चार फेऱ्या मारल्या की झपताल पायात बसतो आणि मग हाताला येतो.

रूपक मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. मात्रा सात, विभाग तीन-दोन-दोन : ती ती ना । धी ना । धी ना. याची समच खालीवर येते. इतर तालांत पहिल्या मात्रेला जोरात टाळी देण्याची सवय झालेला विद्यार्थी येथे नेमका फसतो. परीक्षकांनी रूपक हातावर धरून दाखवायला सांगितले तर पहिल्या मात्रेला हात उघडा ठेवावयाचा, आणि टाळ्या द्यावयाच्या त्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेला.